चहाच्या नावांची वही

चहा संपला की अण्णा रिकामा कप बशीत पालथा घालायचे आणि म्हणायचे, "झाकला."

समोर बसलेल्या फौंड्रीमालकाला त्याचा अर्थ ठाऊक असायचा. या महिन्यात किती टन लोखंड ओतलं, किती माणसं कामावर होती, पुढच्या किती आठवड्यांचं काम हातात आहे, हे जे काही त्यानं नुकतंच सांगितलं ते आता कपाखाली गेलं. तिथून ते कुणाला दिसणार नाही. मग अण्णा उठायचे, खांद्याला पिशवी अडकवायचे आणि जुन्या मोपेडवरून पुढच्या फौंड्रीकडं निघायचे. महिन्याचे पहिले आठ दिवस त्यांचा हाच उद्योग.

मी कोल्हापुरातल्या फौंड्रीवाल्यांच्या संघटनेच्या कार्यालयात काम करते. दर महिन्याला आम्ही एक पत्रक काढतो. जिल्ह्यात ओतकामाचा धंदा वाढतोय की बसतोय, हे त्यात असतं. अण्णा आकडे गोळा करून आणायचे, मी बेरीज करून पत्रक छापायची. अण्णांचं नाव मी सांगणार नाही. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाचं नाव फोडलं नाही, त्याचं नाव आपण फोडणं बरं दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या लेखात चहाचे बरेच प्रकार येतील. ते सगळे मी बदललेले आहेत. का, ते पुढं कळेल. तुमच्यापैकी कुणी आमच्या औद्योगिक वसाहतीतलं असेल तर पेन घेऊन यादी करत बसू नका, वेळ फुकट जाईल.

आता आमच्या मालकलोकांविषयी थोडं. माणसं दिलदार, कष्टाळू, अडल्यानडल्याला धावून जाणारी. पण स्वतःच्या धंद्याविषयी खरं बोलायचं म्हटलं की अंगावर झुरळ पडल्यासारखी दचकतात. लग्नाच्या मांडवात दोन फौंड्रीवाले भेटले की एक विचारणार, "काय पावणं, कसं काय चाललंय?"

दुसरा सांगणार, "दोन शिफ्ट फुल्ल हाय. मानसं मिळंनात."

मग पहिला म्हणणार, "आमी तर तिसरी चालू कराय लागलोय."

प्रत्यक्षात एकाची भट्टी आठवड्यातून दोनदा पेटत असते आणि दुसऱ्याची पुन्हा कधी पेटणार ते त्यालाच माहीत नसतं. दोघंही अक्षता टाकतात, पोटभर जेवतात आणि घरी जाऊन दुसऱ्याच्या तिसऱ्या शिफ्टच्या विचारानं तळमळतात. एकमेकांच्या थापांवर विश्वास ठेवून दोघांनी नव्या भट्ट्या बसवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दोन्ही भट्ट्यांवर आता कबुतरं राहतात.

हीच माणसं अण्णांना मात्र खरं सांगायची. कारण अण्णा पूर्वी एका फौंड्रीत कामगारांची हजेरी मांडणारे टाइमकीपर होते आणि त्यांची नजर पक्की होती. फाटकातून आत येतानाच ते कामगारांच्या खोलीतले जेवणाचे डबे मोजायचे. "मालक खोटं बोलतोय, हिशोबनीस खोटं बोलतोय, डबा खोटं बोलत न्हाय," असं त्यांचं मत. पण मालकानं थाप मारली तरी ते तोंडावर तसं म्हणायचे नाहीत. कानात बोट घालून हलवायचे आणि म्हणायचे, "परत एकदा सांगा, माज्या कानाला जरा दडा बसल्यागत झालंय." दुसऱ्या वेळेला खरा आकडा यायचा. कान लगेच मोकळा व्हायचा.

एकदा एका फौंड्रीत नवीन वॉचमन आला होता. अण्णांनी त्याला सांगितलं, "मालकास्नी सांग, आकड्यासाठी आलोय." त्यानं इकडंतिकडं बघितलं, खिशातून दहाची नोट काढून अण्णांच्या हातात कोंबली आणि कानाजवळ येऊन मटक्याचे दोन आकडे सांगितले. अण्णांनी नोट परत दिली, पण ते दोन आकडे त्यांनी कधीच कुणाला सांगितले नाहीत. मी पुष्कळ विचारून पाहिलं.

त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचीही फौंड्री होती. मेहुण्यानं एकदा अण्णांना मुद्दाम मटणाचं जेवण घातलं. दुसरी वाटी रस्सा वाढता वाढता त्यानं विचारलं, "दाजी, शेजारचा किती ओताय लागलाय ओ?"

अण्णा म्हणाले, "रस्सा झाक झालाय."

"तसं न्हवं, नुसता अंदाज."

"मीठ बरोब्बर हाय."

मेहुणा दोन वर्षं अण्णांशी बोलला नाही. त्या दोन वर्षांत दर महिन्याला आकडा मात्र देत होता. एक शब्द न बोलता कागदावर लिहून पुढं सरकवायचा, अण्णा वाचायचे आणि कप पालथा घालायचे. "बेरीज सगळ्यांची, आकडा ज्येचा त्येचा," एवढंच अण्णांचं यावर म्हणणं असायचं.

त्यांच्या वहीत कुठल्याही फौंड्रीचं नाव नसे. तिथं चहा असत. ज्या मालकाकडं जसा चहा मिळतो, तेच त्याचं वहीतलं नाव. 'आल्याचा', 'बिनसाखर', 'बशीतला', 'निम्मा कप', 'गवती', 'साय आलेला'. मी एकदा म्हटलं, "अण्णा, सरळ नंबर द्या की."

"बाळ, नंबर इसरतोय. चहा इसरत न्हाय," ते म्हणाले.

वहीत एक 'कोरा' होता. बिनदुधाचा चहा पिणारे हे मालक वसाहतीतले सगळ्यात मोठ्या आवाजाचे. त्यांच्या दोन शिफ्ट तर कुठल्याही लग्नात चालू असायच्याच, पण बारशालासुद्धा चालू असायच्या. वहीत 'कोरा'समोरचा आकडा मात्र दर महिन्याला खाली खाली येत होता. माझ्याकडं बेरजेला वही यायची, त्यामुळं मला आकडा दिसायचा. कोरा म्हणजे कोण, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. गेलेच नव्हते मी कुणाकडं चहाला.

आता माझ्या चुकीकडं येते. फार लांबवलं तर ती टाळतेय असं वाटेल.

संघटनेला नवे अध्यक्ष मिळाले. वय चाळिशीच्या आत, पुण्यात शिकून आलेले, हुशार. त्यांचं म्हणणं होतं की छापील पत्रक फक्त सभासदांना जातं हे चूक आहे. वाळू पुरवणारा, साचे बनवणारा, नोकरी शोधणारा, सगळ्यांनाच धंद्याची खरी स्थिती कळायला पाहिजे. हे त्यांचं म्हणणं मला आजही शंभर टक्के पटतं. त्यात मी नुकताच घरबसल्या एक संगणकाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि त्याचं प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लावलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर असलं की माणसाच्या हाताला खाज सुटते.

अध्यक्ष म्हणाले, "नुसती बेरीज टाकली तर लोक म्हणतील, कशावरून खरी? मूळ आकडेच टाकू. सगळं उघडं."

मी म्हटलं, "नावं तर वहीत नाहीतच. काय बिघडणार?"

अण्णा तेव्हा भाच्याच्या लग्नासाठी मुरगूडला गेले होते. विचारायला माणूस नाही म्हणून मी थांबले असते तर बरं झालं असतं. मी थांबले नाही. तीन वर्षांचा सगळा तक्ता संघटनेच्या वेबसाइटवर चढवला. पहिल्या रकान्याला शीर्षक दिलं, 'चहा'.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तक्ता वसाहतीतल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला होता. फौंड्र्या तीसेक, मालक तेवढेच, आणि कोण कसला चहा पितो हे वसाहतीत सगळ्यांना पाठ. लोकांनी कामधंदा सोडून कोडं सोडवायला घेतलं. मालकांनी मग स्वतःला वाचवण्यासाठी जे सुचलं ते केलं, म्हणजे चहा बदलला. वीस वर्षं आल्याचा पिणाऱ्यानं कॉफी मागवली. बिनसाखरवाल्यानं चारचौघांत तीन चमचे साखर घालून घेतली आणि संध्याकाळी डॉक्टरकडं गेला. बशीतून पिणाऱ्यानं कपातून प्यायला, त्याचं तोंड भाजलं.

कोपऱ्यावरचा टपरीवाला मला अडवून म्हणाला, "मॅडम, वसाहतीला काय बाधा झालीया का? कोन काय मागंल त्येचा नेमच राह्यला न्हाय."

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. त्यांनी माझ्या मोबाइलवर तक्ता पाहिला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तू नाव दिलं न्हाईस," ते म्हणाले, "पर वळख दिलीस."

मग त्यांनी मला पहिल्यांदा आणि शेवटचं एका मालकाविषयी सांगितलं. सांगावंच लागलं, इलाज नव्हता. 'कोरा'वाल्यांच्या फौंड्रीत एका पंप कंपनीचे पॅटर्न ठेवलेले होते. पॅटर्न म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना. तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो. फौंड्री डळमळली असं गिऱ्हाइकाच्या कानावर गेलं की ते टेम्पो पाठवून पॅटर्न उचलून नेतं आणि दुसऱ्याला काम देतं. पॅटर्न गेले की फौंड्री संपली. "दोन-तीन म्हयने तग धरला तर त्यो उठंल. अठरा मानसं हायत त्येच्याकडं," अण्णा म्हणाले, "आनि चार दिसांनी सभा हाय. पंपवाला सायेब पावना हाय सभेला."

तक्ता मी लगेच काढून टाकला. पण तोपर्यंत त्याचे फोटो शिरोळपर्यंत गेले होते. वार्षिक सभेत चहा होणार, सगळे एकमेकांच्या कपाकडं बघणार आणि तक्त्यातला 'कोरा' कोण ते साहेबांसमोरच ठरणार, हे उघड होतं. त्या मालकांना दुसरा चहा पचतच नव्हता. घरी दोनदा सराव करून पाहिला, दोन्ही वेळा उलटी झाली, असं त्यांनीच अण्णांना कळवलं. सभेला जाऊ नये, तर तोच पुरावा झाला असता.

अण्णा अध्यक्षांना म्हणाले, "चहाचं मी बगतो. तुमी भाषनाचं बगा."

सभेच्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे टेबलाशी जमले. माना वळवून वळवून एकमेकांच्या हातांकडं पाहत होते. टेबलावर कोऱ्या चहाच्या कपांची रांग होती आणि दुसरं काहीच नव्हतं.

"दूध नासलं," अण्णांनी जाहीर केलं.

मी आधी सांगितलंय की चहा बदललेले आहेत. त्या दिवशी जे नासलं ते दूधही नव्हतं. पण खरं काय होतं ते लिहिलं तर खरा चहाही कळेल, म्हणून दूधच समजा.

कोल्हापुरात दूध नासलं, हे कारण कुणाच्या गळी उतरेना. 'साय आलेला'वाले मालक म्हणाले, "अण्णा, कोल्लापुरात दूध न्हाय म्हंजे काय? उद्या म्हनशीला, पंचगंगेत पानी न्हाय."

"नासलं म्हंजे नासलं. घ्या," अण्णा म्हणाले.

तीस मालकांनी तोंडं वाकडी करत कोरा चहा प्यायला. साहेबांनीही प्यायला. अडचण एकच झाली. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला होता, ते आठवडाभराचे तहानलेले होते. त्यांनी पहिला कप मिटक्या मारत संपवला आणि दुसऱ्या कपाला हात घातला. समोरून अण्णांनी असं काही पाहिलं की 'कोरा'वाल्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"श्शी," ते मोठ्यानं म्हणाले, "काय कडू जहर हाय ओ ह्ये."

मी मागच्या बाजूला जाऊन पातेलं उघडून पाहिलं. दूध उत्तम होतं. सभा संपल्यावर ते शेजारच्या फौंड्रीत कामगारांच्या चहाला गेलं. पॅटर्न जागेवर राहिले.

सगळं निभावलं असं मला वाटलं. पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला अण्णा वही घेऊन आले आणि माझ्यासमोर बसले.

"सगळ्यांचं चांगलं चाललंय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा कुणाच्या तरी मयतीहून आल्यासारखा होता. "परत्येकानं मागल्या म्हयन्यापरास थोडा थोडा वाढवून सांगितलाय. कान दडपला म्हटलं, तरी त्योच आकडा परत सांगितला. बाळ, डबे कमी झाल्यात आनि आकडा वाढलाय. ह्ये छापायचं न्हाय."

अध्यक्ष चिडले. पत्रकाचा एकही महिना आजवर चुकला नव्हता. अण्णांनी मला तीन वाक्यं सांगितली, मी ती टाइप केली. 'या महिन्याचे आकडे देत नाही. जे मिळाले त्यांवर आमचाच विश्वास नाही. याला कारण आमची चूक आहे.' तिसरं वाक्य टाइप करायला मला वेळ लागला.

"लाज जाईल संघटनेची," अध्यक्ष म्हणाले.

"लाज गेल्याली परत येती," अण्णा म्हणाले. "खोटा आकडा छापला की लोक त्येच्यावर भट्ट्या बांधत्यात."

ती तीन वाक्यं आमच्या वेबसाइटवर जितक्या लोकांनी वाचली तितक्या लोकांनी आमचं कुठलंच पत्रक वाचलं नव्हतं. एका बँकेच्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, इतकी वर्षं नोकरी केली, पण 'आम्हाला माहीत नाही' असं कुणी लेखी दिलेलं पहिल्यांदाच पाहिलं; आता तुम्ही पुढं जे छापाल त्यावर मी विश्वास ठेवीन. अध्यक्षांचा राग त्या फोननं अर्धा उतरला.

उरलेला अण्णांनी उतरवला. अण्णा उघडेपणाच्या विरुद्ध होते असं कुणी समजू नये. ते म्हणाले, "बेरीज पार चव्हाट्यावर लावा. बिंदू चौकात फ्लेक्स लावा म्हटलासा तरी माजी ना न्हाय. किती जनांनी आकडा दिला, किती जनांनी दिला न्हाय, कसा मोजला, ह्येबी लिवा. पर एकट्याचा आकडा संघटनेच्या बापाचा न्हाय." तेव्हापासून तसंच चाललंय. बेरीज सगळ्यांना फुकट दिसते. वही बंद झाली. आकडा चिठ्ठीवर घ्यायचा, जागेवरच बेरजेत मिळवायचा आणि मालकाच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी भट्टीत टाकायची. भट्टी बंद असेल तर शेगडीत.

मग अण्णांनी मला मोपेडवर मागं बसवून फौंड्री-फौंड्री फिरवलं. माफी मागायला. प्रत्येक ठिकाणी मी मागायची आणि माझ्यामागून तेही मागायचे. मी म्हटलं, "तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "वही माजी हुती." 'कोरा'वाल्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. अण्णांना एवढंच म्हणाले, "पॅटर्न हायत अजून." अण्णा म्हणाले, "हायत न्हवं? मग झालं." खाली मान घालून मी बाहेर आले. बाहेर मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

हळूहळू मालक अण्णांना पुन्हा खरं सांगू लागले. मला नव्हे, अण्णांना.

गेल्या वर्षी अण्णा गेले. दोन दिवस ताप आला आणि गेले. घरी भेटायला वसाहतीतले जवळजवळ सगळे मालक आले होते. अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्यांतला स्वतःचा भाऊ सोडला तर एकही माहीत नव्हता. नवरा महिन्याचे आठ दिवस कुठं जातो, हे त्यांना कळलंच नव्हतं. त्या प्रत्येकाला विचारत होत्या, "तुमची ह्येंची वळख कशी?" आणि प्रत्येक जण सांगत होता, "चहाला यायचं आमच्याकडं."

"तरीच," काकू मला म्हणाल्या, "घरात कवा चहाला इचारलं की नगं म्हनायचं. मला वाटायचं, माज्या हातचा आवडत न्हाय." अण्णा त्यांनाही काही बोलले नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा थोडा रागच आला. एवढं तरी सांगायला हरकत नव्हती.

आता महिन्याचे ते आठ दिवस मी जाते. मी गेले की मालक उठून उभे राहतात, खुर्ची देतात, चांगल्या कपात चहा देतात आणि धडधडीत खोटं सांगतात. 'कोरा'वाले तर सगळ्यात मोठ्यानं सांगायचे, "लिवा मॅडम, दोन शिफ्ट फुल्ल हाय." पहिल्या महिन्यात सांगितलं, दुसऱ्या महिन्यात सांगितलं, तिसऱ्या महिन्यात तर तिसऱ्या शिफ्टचं सूतोवाच केलं. फाटकातून येताना मीही डबे मोजलेले असायचे, त्यामुळं चिठ्ठी बेरजेत न मिळवताच त्यांच्यासमोर टाकून द्यायची आणि पत्रकात लिहायची, अमुक इतक्या जणांचे आकडे धरलेले नाहीत. कोण, ते लिहायची नाही. पत्रक आल्यावर ते ती ओळ वाचत असणार. कारण चौथ्या महिन्यात मी गेले तेव्हा त्यांनी आधी केबिनचं दार लावलं.

दार लावून त्यांनी मिशीवरून एकदा हात फिरवला. मग खुर्ची पुढं ओढली आणि हळू आवाजात मला आकडा सांगितला. त्या माणसाचा एवढा हळू आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आकडा वाईट होता. इतका वाईट की खोटा असणं शक्यच नव्हतं.

"हसताय कशाला?" त्यांनी विचारलं.

"हसत नाही," मी म्हटलं. मला हसू आवरता येत नव्हतं.

बाहेर येऊन मी गाडी थोडी पुढं नेली आणि रस्त्याकडेला उभी केली. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं, आणि एकच माणूस आठवला. मग ध्यानात आलं, अण्णा असते तरी त्यांनी मला अर्ध्या वाक्यात गप्प केलं असतं.